दोन हंगामांची काजळी

सन्मतीच्या फुप्फुसांचं वाचन माझ्या टेबलावर आलं, तो मार्चचा पहिला आठवडा होता. सन्मती म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, बाहुबलीदादाची एकुलती एक मुलगी. वय चोवीस. जानेवारीपासून ती आमच्याच संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, श्वसनविकार विभागात दाखल होती, आणि मी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. दिवसातून दोनदा जिना चढून मी तिला बघून यायची. दादा बावीस किलोमीटरवरच्या कासारशेतहून रोज स्कूटरवर डबा घेऊन यायचा. सूर्य मावळायच्या आत तिचं जेवण व्हावं म्हणून साडेपाचच्या ठोक्याला हजर.

तिचा आजार साधा नव्हता. फुप्फुसांच्या मऊ पेशींच्या जागी हळूहळू निबर, चामड्यासारखे व्रण तयार होत होते. दोन जिने चढून धाप लागणारी मुलगी वर्षभरात प्राणवायूच्या नळीशिवाय वेणी घालू शकेना. कशामुळे, ते डॉक्टरांना कळत नव्हतं. दादाला मात्र पक्कं ठाऊक होतं.

"कारखाना. दुसरं काय असणार? पोरगी जन्मल्यापासनं त्या धुराड्याखाली वाढलीय," तो म्हणायचा. नदीपलीकडच्या साखर कारखान्याच्या धुराविरुद्ध त्यानं सहा वर्षं आंदोलन चालवलं होतं. मोर्चे, निवेदनं, उपोषण. गावात त्याला आता सगळे 'धूरवाले अण्णा' म्हणायचे, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आता पुरावा देणारं यंत्र आलं होतं, आणि त्या यंत्राच्या कामात मी नऊ वर्षं घालवली होती.

त्याचं नाव कणवाचक. तत्त्व अवघड नाही. आग कुठलीही असो, तिच्यातून उडणारा काजळीचा कण आपल्या आगीची खूण बरोबर नेतो. दगडी कोळशाच्या राखेत काचेसारखे गोल गोळे असतात. उसाच्या चिपाडाच्या धुरात पोटॅशियम आणि वाळूच्या सुया. टायर किंवा रबर जाळलं, तर जस्त. शिवाय प्रत्येक भट्टीची वीट वेगळी, लोखंड वेगळं, हवा ओढायची पद्धत वेगळी. त्यामुळे दोन धुराड्यांची काजळी कधीच अगदी एकसारखी नसते, जसं दोन माणसांचं हस्ताक्षर नसतं. आमच्या संस्थेनं जिल्ह्यातल्या सगळ्या धुराड्यांतली काजळी खरवडून तिचा संग्रह केला होता. चालू, बंद, पडकी, सगळी धुराडी.

खरा शोध होता तो काळाचा. फुप्फुसात शिरलेला कण शरीर बाहेर टाकू शकलं नाही, तर त्याच्यावर लोह आणि प्रथिनाचं कवच चढवतं. हे कवच वर्षागणिक एका ठरावीक गतीनं जाड होतं. ते मोजलं, की तो कण कुठल्या वर्षी, बऱ्याचदा कुठल्या महिन्यात आत गेला, ते सांगता येतं. फुप्फुसात खारट पाणी सोडून ते परत ओढून घ्यायचं आणि यंत्राला द्यायचं. चार दिवसांत त्या माणसानं आयुष्यभर कुठली हवा घेतली, ते कागदावर येतं.

वाचनाचा उपयोग नुसता दोष ठरवायला नव्हता. कुठला धातू आत बसलाय ते कळलं, तर तो ओढून काढणारं औषध देता येतं. चुकीचं औषध दिलं तर हातात आहे तेही जातं.

मी कागद उचलला. साखर कारखाना बारा टक्के. रस्त्यावरची वाहनं नऊ. घरची चूल, कचरा आणि किरकोळ मिळून अठरा. आणि एकसष्ट टक्के कण एकाच भट्टीचे, दोन हंगामांतले, दोन हजार सव्वीस आणि सत्तावीसच्या हिवाळ्यातले. रबर, रंग, चिकटवायचा डिंक. भट्टीचा संग्रह क्रमांक समोर छापला होता. तो शोधायची मला गरज नव्हती. ती काजळी खरवडायला आमची माणसं गेली, तेव्हा शिडी धरायला दादाच उभा होता.

ते आमचं गुऱ्हाळ होतं.

मी खुर्चीतच बसून राहिले. त्या दोन हंगामांची मला आठवण होती. चिपाडं कागदाच्या गिरण्या उचलून न्यायला लागल्या होत्या आणि गुऱ्हाळांना जळण मिळेना. मग शहरातून ट्रक यायला लागले. चपलांच्या कारखान्यांतली कातरण, रबरी तळवे, फोमचे तुकडे. सगळीच गुऱ्हाळं घेत होती. काहिलीखालच्या भट्टीत, चुलवाणात, ते टाकलं की आग अशी उसळायची की रस निम्म्या वेळात आटायचा. मी तेव्हा पुण्यात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले, तेव्हा दादानं मला बाजूला घेतलं होतं.

"पद्मा, तू शिकलेली हाईस. ह्यानं गुळाला काय होतं का बघ की. लोकांच्या पोटात जायचंय ते."

मी दोन ढेपा पुण्याला नेल्या, सगळ्या चाचण्या केल्या, आणि फोनवर सांगितलं, "गुळाला काही होत नाही, दादा."

ते खरंच होतं. त्यानं गुळाचं विचारलं होतं, मी गुळाचं सांगितलं होतं. धुराचं त्यानं विचारलं नाही. मला त्या धुराचा वास आला होता. डोळे चुरचुरले होते. आणि सात-आठ वर्षांची सन्मती शाळा सुटल्यावर चुलवाणाच्या उबेला पाटी घेऊन बसायची, वाटीतली गरम काकवी बोटानं चाटत, हेही मी बघितलं होतं. पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते, घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला विचारला होता, आणि तो नीट दिल्याच्या आनंदात मी होते.

*

वाचन मी आधी डॉक्टर नाईकवडींना दिलं. त्यांनी चष्मा वर केला.

"म्हणजे जस्त. बरं झालं कळलं. कारखान्यात कोळसा जळतो म्हणून मी उद्यापासून कोळशाच्या राखेवरचं औषध सुरू करणार होतो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "भट्टी ओळखीची आहे का?"

"आमचीच आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "पेशंट सज्ञान आहे. तिला सांगायला हवं. बाकी कुणाला सांगायचं ते तिनं ठरवायचं."

सन्मतीला मी दुपारी सांगितलं. तिनं कागद दोनदा वाचला. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"आत्या, अप्पांना सांगू नकोस."

"सनू, आज ना उद्या..."

"नाही. ऐक की माझं. ते रोज येतात, इथं स्टुलावर बसतात, कारखान्याला शिव्या देतात, मला घास भरवतात. त्यांना जगायला तेवढंच आहे. हे कळलं तर ते माझ्या तोंडाकडे कसं बघतील?"

"आणि औषध बदललेलं विचारलं तर?"

"नवं औषध आलंय म्हणायचं. ते विचारणार पण नाहीत."

औषधाचं त्यानं खरंच कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी साडेपाचला तो आला. डब्यात ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी होती. भाकरी कुस्करता कुस्करता तो म्हणाला, "पद्मा, तुझ्या त्या मशीनचा कागद आला का गं?"

सन्मतीनं माझ्याकडे बघितलं.

"अजून नाही, दादा," मी म्हणाले.

*

तेवढ्यावर राहिलं असतं, तरी चाललं असतं. पण दादा थांबणाऱ्यातला नव्हता. श्वासहक्क कायदा आदल्या वर्षीच आला होता. गावातल्या पुरेशा लोकांनी फुप्फुसांचं वाचन करून घेतलं, तर जाहीर सुनावणी घेऊन धुराचा उगम ठरवायचा आणि तो बंद करायचा, असं त्यात होतं. दादानं घरोघर जाऊन सह्या घेतल्या. एक्केचाळीस माणसं तयार केली. स्वतःचं वाचन मात्र करून घेतलं नाही. "मला काय धाड भरलीय? तरण्या पोरांचं घ्या," म्हणाला.

घरातलं माणूस गुंतलेलं म्हणून मी त्या कामातून बाहेर राहिले. नमुने पुण्याच्या शाखेत गेले. तिथं काय निघणार, ते मला माहीत होतं. सुनावणीला सहा आठवडे होते.

सहा आठवडे मी रोज ठरवायची, आज सांगू. त्याला जिन्यात गाठायची, बरोबर चहा प्यायची, आणि दुसरंच काहीतरी बोलून परत यायची. त्यानं कागदाचं विचारलं, तर फेरतपासणी चाललीय म्हणायची. सन्मतीला दिलेला शब्द होता, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं, तर दुसरंही कारण होतं. मला भीती वाटायची, की दादा म्हणेल, तूच तर म्हणाली होतीस काही होत नाही म्हणून. ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. सन्मतीच्या शब्दामागे मी लपले होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी सन्मतीला म्हटलं, "उद्या सगळ्या गावासमोर कळेल त्यांना. त्यापेक्षा आज..."

ती खिडकीकडे वळली. "कदाचित दुसऱ्यांच्यात वेगळं निघेल, आत्या. कारखान्याचं जास्त निघेल."

ती विज्ञानाची शिक्षिका होती. तिलाही ते पटलं नव्हतं. पण मी मान डोलावली.

*

सुनावणी कासारशेतच्या समाजमंदिरात होती. पुढच्या रांगेत दादा, धुवट पांढरा सदरा, टोपी. कारखान्याचे वकील, चार पत्रकार, आणि सगळं गाव. सुनावणी अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर गावाचा नकाशा लावला. एक्केचाळीस माणसांचे एक्केचाळीस ठिपके. प्रत्येकाच्या फुप्फुसातल्या कणांचं वय आणि त्या त्या महिन्यातला वारा जुळवून ठिपक्यांपासून रेषा निघत होत्या.

काही रेषा नदीपलीकडे गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्या निघाल्या. त्या नदीकडे वळल्याच नाहीत. गावाच्या पश्चिमेला तीन ठिकाणी गोळा झाल्या, आणि सगळ्यांत दाट झाल्या त्या शाळेच्या वरच्या अंगाला, एका जागी. पडद्यावर गट क्रमांक उमटला. दोनशे चौदा.

ज्यांना गट क्रमांक माहीत होता ते दादाकडे बघायला लागले. ज्यांना नव्हता, ते त्यांना बघून दादाकडे बघायला लागले.

"ही जागा कुणाची आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

दादा उभा राहिला. टोपी काढून त्यानं हातात घेतली.

"माझी हाय. गुऱ्हाळ हुतं तिथं." मग जरा थांबून म्हणाला, "दोन साल चपला जाळल्या आम्ही. मीच घालत हुतो चुलवाणात."

वकील काहीतरी बोलायला उठले, अधिकारी बाईंनी त्यांना बसवलं. दादा मात्र कुणाकडे न बघता रांगेतून बाहेर पडला. माझ्याजवळून जाताना त्याची पावलं क्षणभर मंदावली. त्यानं माझा चेहरा बघितला. मला आश्चर्य वाटलेलं नाही, हे त्याला दिसलं. तो निघून गेला.

त्या संध्याकाळी साडेपाचला डबा आला नाही. सहा वाजता सन्मतीची आई, त्रिशलावहिनी, बसनं आली, डबा घेऊन. सन्मतीनं विचारलं, "अप्पा?"

"बरं न्हाई त्यास्नी," वहिनी म्हणाली, आणि पदरानं डबा पुसत राहिली.

*

आठवडा झाला, पंधरवडा झाला. सन्मती फोन करायची, तो उचलायचा नाही. शेवटी मी शेतावर गेले. दादा गुऱ्हाळाच्या जागी होता. सात वर्षं बंद पडलेलं चुलवाण तो पहारीनं उकरत होता. एकेक वीट काढून बाजूला रचत होता. सगळ्या विटा आतल्या अंगानं काळ्याकुट्ट.

"दादा, सनू वाट बघते."

त्यानं पहार खाली ठेवली. "तुला कवा कळलं?"

"मार्चमध्ये."

"आणि तिला?"

"त्याच दिवशी."

तो विटांच्या ढिगावर बसला. "म्हंजे दीड महिना मी रोज यायचो, तिथं बसून कारखान्याच्या नावानं बोंब मारायचो, आणि तुम्ही दोघी ऐकून घेत हुता."

"ती म्हणाली, तुला सहन होणार नाही."

"सगळ्या गावानं बघितलेलं सहन झालं की गं." त्याचा आवाज चढला नाही. "पोरीच्या तोंडातनं ऐकलं असतं तर तिच्या पायावर डोकं तरी ठेवता आलं असतं. आता कुठल्या तोंडानं जाऊ? ती मला बघणार आणि तिला आठवणार, ह्यो माणूस काय काय बोलत हुता."

तेव्हा मी सांगून टाकलं. गुळाचं, दोन ढेपांचं, पुण्याच्या चाचण्यांचं, फोनवरच्या वाक्याचं. दादानं शांतपणे ऐकलं.

"असं म्हणालीवतीस व्हय तू? मला न्हाई आठवत," तो म्हणाला, आणि परत पहार उचलली.

*

नंतरच्या दहा महिन्यांत कासारशेत बदललं. सुनावणीचा निकाल लागला तेव्हा कुणाला शिक्षा झाली नाही, बदल झाले. कारखान्याला धुराड्यावर राख पकडणारं विजेचं गाळणयंत्र चोवीस तास चालू ठेवणं सक्तीचं झालं, आणि त्याची नोंद थेट ग्रामपंचायतीच्या पडद्यावर दिसायला लागली. बत्तीस गुऱ्हाळांनी उघडी चुलवाणं बुजवली. एका सामायिक बंद बॉयलरची वाफ आता नळानं सगळ्या काहिलींखाली फिरते. कचरा जाळायचा नाही, असा ठराव बायकांनी ग्रामसभेत मांडला आणि पाळूनही दाखवला. शाळेवरचा हवेचा फलक त्या हिवाळ्यात सलग नव्वद दिवस हिरवा होता.

त्या हवेचा सन्मतीला उपयोग नव्हता. औषधानं जस्त बरंचसं बाहेर आलं, पण झालेले व्रण परत फिरत नाहीत. फुप्फुस बदलायच्या यादीत तिचं नाव होतं, पण तिची ताकद तितकी टिकेना. दर संध्याकाळी साडेपाचला ती दाराकडे बघायची. वहिनी यायची. सन्मती हसून म्हणायची, "आज काय आणलंस?"

तिनं दादाला पत्रं लिहिली. वहिनी ती नेऊन द्यायची. तो वाचायचा, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, आणि शेतावर जायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात दादा उभा दिसला. वाळला होता. दाढी वाढली होती.

"वर गेलास?" मी विचारलं.

"न्हाई. आधी माझं वाचन कर."

"कशाला?"

"कर म्हंतो न्हवं."

नाईकवडींनी त्याच्या फुप्फुसातलं पाणी काढलं. यंत्र आता पूर्वीपेक्षा वेगानं चालत होतं, तरी दोन दिवस लागले. ते दोन दिवस तो आवारातल्या बाकावर बसून राहिला. तिसऱ्या मजल्याची खिडकी तिथून दिसते. तो तिच्याकडे पाठ करून बसायचा. वहिनीनं डबा दिला तर खायचा. मी सन्मतीला सांगू का, विचारलं, तर म्हणाला, "कागद येऊ दे."

कागद आला. मी तो घेऊन बाकावर त्याच्याशेजारी बसले. या खेपेला मी काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही.

"तुझ्यात पण तेच आहे, दादा. तेच दोन हंगाम. तीच भट्टी."

"तिच्यापेक्षा जास्त?"

"जास्त. तिप्पट."

त्यानं माझ्या हातातून कागद घेतला. त्याला आकडे नीट दिसत नव्हते, मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं तो आकडा नीट बघून घेतला, आणि त्याच्या खांद्यांवरचा कसलासा भार उतरल्यासारखे ते खाली आले.

"बरं झालं," तो म्हणाला.

"बरं काय झालं? काहींची फुप्फुसं सोसतात, काहींची नाही. तुझी आजवर सोसली. पुढं काय होईल सांगता येत नाही. औषध घ्यावं लागेल."

"घेतो की." तो उठला. कागदाची घडी घालून पत्रांच्या खिशात ठेवली. "कितव्या मजल्यावर हाय?"

"तिसऱ्या. तुला माहीत आहे."

जिना चढताना तो दोनदा थांबला. दम खाऊन परत चढला. दारात पोचला तेव्हा सन्मती डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे उघडले. दादानं स्टूल ओढलं, बसला, आणि खिशातला कागद उलगडून तिच्या पुढ्यात धरला. तिनं वाचला. मग नळीच्या बाजूनं हात काढून त्याच्या छातीवर ठेवला, आणि दादा लहान मुलासारखा रडला. मी दार ओढून घेतलं.

अकरा दिवस तो तिथून हलला नाही. वेणी घालायचा, पाणी पाजायचा. ती विचारायची तर तो सांगायचा, तिच्या लहानपणचं, आईचं, उसाचं. कारखान्याचं नाव त्यानं काढलं नाही. बाराव्या दिवशी पहाटे सन्मती गेली.

सगळं आटोपल्यावर महिन्याभरानं दादा औषध न्यायला आला. औषध घेतलं, पिशवीत टाकलं, पण निघेना. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"पद्मा, तू मार्चमध्येच सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं गं?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"रागावला असतास. चार दिवस शेतावर जाऊन बसला असतास. मग आला असतास."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं, मनाशी काहीतरी मोजल्यासारखं.

"व्हय," तो म्हणाला. "चारच दिवस."